चाचणीत ९० टक्के, शेतात निम्मीच उगवण: ताण किती यापेक्षा तो केव्हा आला ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बियाण्याची उगवणक्षमता चाचणीत ९० टक्क्यांच्या आसपास आली, पण त्याच बियाण्याची शेतात जेमतेम निम्मी उगवण झाली. जी रोपे आली तीही एकसारखी नाहीत. उष्णता, थंडी, ओलीची कमतरता, साचलेले पाणी, क्षार, कडक जमीन या सगळ्यांचा अंकुरणावर आणि रोपवाढीवर नेमका काय परिणाम होतो, आणि यातले आपल्या शेतात काय घडले हे ओळखायचे कसे?

चाचणीपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचा राग तिच्यावर असतो. ती खोटी नसते, पण तिचे काम वेगळे आहे. १९२४ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संघटना या चाचण्यांचे नियम ठरवते आणि त्यामागचा हेतू असा की एकच बियाणे दोन प्रयोगशाळांत तपासले तर उत्तर सारखे यावे. म्हणून ओला कागद किंवा वाळू, नियंत्रित तापमान, हवा खेळती, आणि वर मातीचे ओझे जवळपास नाहीच. म्हणजे सगळे मनासारखे मिळाले तर हे बी किती उगवेल, एवढेच ती सांगते. ती कमाल मर्यादा झाली. ९० टक्के आलेल्या दोन लॉटपैकी एक खडतर जमिनीत ८० टक्के उगवतो आणि दुसरा ४५. या फरकाला बियाण्याचा जोम म्हणतात, आणि तो तपासायचा तर बियाण्याला मुद्दाम त्रास द्यावा लागतो. सोयाबीन ४१ अंश सेल्सिअसला आणि जवळजवळ संपृक्त दमट हवेत ७२ तास ठेवून मग उगवायला टाकतात; मका ओल्या मातीत १० अंशाला आठवडाभर ठेवून मग उबेत आणतात. पिशवीवर छापलेला आकडा बहुधा यांतल्या कोणत्याच चाचणीचा नसतो.

आता मूळ प्रश्न. या विषयावरच्या लिखाणात नेहमी दिसते ते असे की प्रत्येक ताणाला एकेक परिणाम चिकटवून टाकलेला असतो: थंडी म्हणजे उशीर, क्षार म्हणजे घट, उष्णता म्हणजे मर. परीक्षेपुरते ते ठीक आहे. शेतात मात्र ताण किती मोठा होता यापेक्षा तो बियाण्याच्या कोणत्या तासाला आला हे जास्त ठरवते. तीच थंडी पहिल्या सहा तासांत आली तर बी मारते आणि तिसऱ्या दिवशी आली तर फक्त रखडवते. तेच कोरडेपण मूळ फुटण्याआधी आले तर बी ते सहज पचवते, मूळ फुटल्यावर आले तर रोप जाते.

यासाठी बियाण्याच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत काय चालते ते माहीत हवे. साठवणीतल्या बियाण्यात साधारण ८ ते १२ टक्के ओलावा असतो. ओल्या मातीत पडल्यावर ते आधी भराभर पाणी ओढते. हा भाग निव्वळ भौतिक आहे. मेलेले बीसुद्धा तितकेच फुगते, म्हणून ‘बी फुगले होते’ हा ते जिवंत असल्याचा पुरावा नाही. मग शोषण मंदावते आणि बाहेरून काहीच घडत नाही असे वाटते. खरी लगबग याच काळात असते. वाळताना सुरकुतलेली पेशींची आवरणे पुन्हा नीट बसतात, श्वसनाची यंत्रणा सुरू होते, साठवणीत डीएनएची जी झीज झाली ती दुरुस्त होते, आणि अंकुरण रोखणारे ॲबसिसिक आम्ल व त्याला चालना देणारे जिबरेलिन या दोन संप्रेरकांमधली ओढाताण जिबरेलिनच्या बाजूने झुकली की अंकुरण पुढे सरकते. तृणधान्यांत तेच जिबरेलिन अल्फा अमायलेज हे स्टार्च फोडणारे विकर तयार करायला लावते आणि साठवलेल्या स्टार्चची साखर होऊ लागते. तिसऱ्या टप्प्यात मूळ कवच फोडून बाहेर येते आणि पाण्याचे शोषण पुन्हा वाढते.

या दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मधे एक दार आहे आणि ते एकाच बाजूने उघडते. मूळ बाहेर येण्याआधी बी पुन्हा वाळले तरी बहुतेक पिकांत ते जगते, उलट झालेली दुरुस्ती बरीचशी टिकते आणि पुढच्या ओलीला ते लवकर उगवते. मूळ बाहेर पडले की वाळणे सोसण्याची ही ताकद झपाट्याने जाते. गव्हासारखी पिके त्यानंतरही थोडा काळ तग धरतात. बहुतेक कडधान्ये त्या मानाने फार कमी.

यावरून ओलीच्या ताणाबद्दल एक उलटे वाटणारे सत्य निघते. अगदी कोरड्या मातीत पेरलेले बी (मुंग्या-पाखरे सोडली तर) बऱ्यापैकी सुरक्षित असते, कारण ते अजून कोठारातच आहे असे समजा. घात करते ती अर्धवट ओल. एका हलक्या सरीने वरचे चार सेंटिमीटर भिजतात, बी दार ओलांडते, मूळ खाली जाते आणि तिथे कोरडी माती लागते.

जमिनीत पाणी किती आहे यापेक्षा मातीने ते किती घट्ट धरले आहे हे बियाण्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. हा घट्टपणा मेगापास्कलमध्ये, उणे आकड्यात लिहितात. चांगल्या वाफशावरच्या जमिनीत तो उणे ०.०३ च्या आसपास असतो आणि पीक कायमचे कोमेजते त्या कोरडेपणाला उणे १.५ मानतात. १९५२ साली प्रसिद्ध झालेली आणि आजही वापरात असलेली मोजमापे सांगतात की मका साधारण उणे १.२५ पर्यंत उगवू शकतो, भात उणे ०.८, सोयाबीन उणे ०.६६ आणि शुगरबीट अवघे उणे ०.३५. मक्याच्या दाण्यातला ओलावा ३० टक्क्यांवर गेला की त्याचे भागते, सोयाबीनला ५० टक्के लागतो. म्हणून एकाच दिवशी, एकाच ओलीवर शेजारी-शेजारी पेरलेला मका उठतो आणि सोयाबीन फुगून बसून राहते. वाणावाणांत आणि लॉटलॉटमध्येही हे आकडे हलतात. तेव्हा ते पिकांमधला फरक समजण्यापुरते घ्यावेत.

ज्या कोरडेपणापलीकडे बी उगवत नाही त्या उंबरठ्याच्या जवळ आले की वेगही मरतो. जमिनीची ओल उंबरठ्यापेक्षा जितकी वर तितके अंकुरण वेगाने होते, आणि एकाच पिशवीतल्या प्रत्येक दाण्याचा उंबरठा थोडा वेगळा असतो. भरपूर ओलीत हा फरक दिसत नाही, सगळे एक-दोन दिवसांत वर येतात. ओल कमी पडली की तोच फरक ताणला जातो आणि उगवण आठ-दहा दिवसांवर पसरते. तुमची लहान-मोठी रोपे बहुधा इथून आली आहेत. ढेकळेही हेच करतात: ओल तीच असते, पण बियाण्याला चहूबाजूंनी माती चिकटलेली नसेल तर पाणी पोहोचायला उशीर होतो.

रोप झाल्यावर ओलीचा ताण आला तर पहिली थांबते ती पानाची वाढ, मूळ नव्हे. मक्याच्या रोपावरच्या प्रयोगांत शेंड्याची वाढ पूर्ण थांबेल इतक्या कोरडेपणातही मूळ हळूहळू लांबत राहते. म्हणून वर खुजे दिसणारे रोप प्रत्येक वेळी आजारी नसते. ते खाली खर्च करत असते.

थंडीकडे वळतो. प्रत्येक पिकाला एक किमान तापमान असते, त्याखाली घड्याळ चालतच नाही. गव्हासाठी ते शून्य ते चार अंशांच्या आसपास, मका-ज्वारीसाठी आठ ते दहा, कपाशीसाठी आणखी वर. किमान तापमानाच्या वर जेवढे अंश मिळतात ते दररोज जमेला धरले जातात. मक्याला जमिनीवर यायला १० अंशांच्या वर सुमारे ६५ अंश-दिवस लागतात. म्हणजे मातीचे सरासरी तापमान २५ असेल तर चार-पाच दिवस, १५ असेल तर तेरा. ही फक्त दिरंगाई झाली. त्या जास्तीच्या आठ दिवसांत बी मातीत बुरशांच्या तावडीत पडून असते आणि साठा जाळत असते, म्हणून दिरंगाईचीही किंमत असते. पण इजा ती नाही.

इजा होते पहिल्या काही तासांत. सोयाबीन, घेवडा, कपाशी, मका यांचे कोरडे बी १० अंशांखालचे पाणी ओढू लागले की आवरणे नीट बसायच्या आतच पाणी आत घुसते, आणि आतली साखर, पोटॅशियम, अमिनो आम्ले बाहेर झिरपतात. बी मरते किंवा मुळाचे टोक मरते. कपाशीत हे स्पष्ट पाहायला मिळते: रोप वर येते, दोन पाने उघडतात, उपटून पाहिले तर मुख्य मूळ बोथट होऊन थांबलेले आणि त्याच्या वरून बाजूच्या मुळांचा झुबका. असे रोप मोजणीत धरले जाते आणि पहिल्या कोरड्या आठवड्यात सुकते. बियाण्यात आधीच १३ टक्क्यांच्या आसपास ओलावा असेल तर ही इजा बरीच कमी होते. फार सुकवलेले बियाणे टिकायला चांगले, पण थंड ओल्या मातीत पेरायला सगळ्यात नाजूक, हा विरोधाभास बियाणे हाताळणाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. तसेच, पेरणीनंतर पहिला दिवस माती उबदार राहिली आणि थंडी मग आली, तर नुकसान त्या मानाने थोडे.

उष्णतेचे गणित वेगळ्या प्रकारचे आहे. कोरडे बी उष्णता खूप सोसते, भिजलेले फार कमी. कोबीच्या बियाण्यातले करपा-सडीचे जिवाणू मारण्यासाठी ते ५० अंशांच्या पाण्यात २५ मिनिटे बुडवतात आणि बी जगते. तेच तापमान भिजलेल्या बियाण्याला तासन्‌तास मिळाले तर काही उरत नाही. उन्हाळ्यात उघड्या, गडद मातीचा पृष्ठभाग दुपारी ५० अंशांच्या पुढे सहज जातो. पाच सेंटिमीटर खाली ते बरेच उतरलेले असते, आणि म्हणूनच उथळ पेरलेले बारीक बियाणे आधी जाते. रोप वर आल्यावरही धोका संपत नाही: जमिनीच्या रेषेपाशी कोवळी दांडी भाजते, तिथे आकसलेला पट्टा दिसतो आणि रोप आडवे होते. लोक त्याला मर रोग समजून बुरशीनाशक ओततात. दांडी फक्त जमिनीच्या रेषेवर आकसलेली आणि खालचे मूळ पांढरे, निरोगी असेल तर आधी उन्हावर संशय घ्या.

काही बियाणी उष्णतेत मरत नाहीत, फक्त थांबतात. सॅलडचे लेट्युस साधारण ३० अंशांच्या वर भिजले तर त्यात ॲबसिसिक आम्ल वाढते आणि बी गप्प बसते. तापमान उतरल्यावर काही उगवतात, काही खोल सुप्तावस्थेत जातात. अशा बियाण्याला संध्याकाळी पाणी देणे हा फुकटचा उपाय आहे, कारण संवेदनशील तास मग रात्री येतात.

साचलेल्या पाण्याचा मुद्दा पाण्याचा नसून हवेचा आहे. ऑक्सिजन हवेत जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजार पट कमी वेगाने पाण्यात पसरतो. दुसऱ्या टप्प्यातले बी जोरात श्वास घेत असते. ऑक्सिजन तुटला की ते किण्वनावर येते, ज्यात त्याच साखरेतून ऊर्जेचा अगदी छोटा हिस्सा मिळतो आणि अल्कोहोल साचते. उबदार पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि बियाण्याची भूक जास्त असते, म्हणून उकाड्यात एक दिवस साचलेले पाणी थंडीतल्या दोन-तीन दिवसांइतके बोचू शकते. तेलबिया स्टार्चच्या दाण्यांपेक्षा लवकर हार मानतात, कारण तेल वापरायलाच ऑक्सिजन लागतो. भात हा अपवाद: तो ऑक्सिजनशिवायही स्टार्च फोडू शकतो. पण तो करतो काय ते पाहण्यासारखे आहे. पाण्याखाली तो मूळ जवळजवळ वाढवत नाही, फक्त कोंबाचे आवरण नळीसारखे लांबवतो, आणि ते पाण्याबाहेर पोहोचले की हवा खाली नेतो. म्हणजे मोजणारा ‘अंकुरले’ म्हणून नोंद करतो तेव्हा रोप अजून मातीला धरूनही नसते.

सोयाबीन आणि वाटाण्यात याला आणखी एक पदर आहे. त्यांच्या टरफलाला मळणीत किंवा पोती आपटण्यात बारीक तडे गेलेले असतील तर पाणी इतक्या वेगाने आत शिरते की बीजदलांच्या बाहेरच्या थरातील पेशी फुटतात. हे नुकसान पाणी साचण्याआधीच झालेले असते, साचलेले पाणी फक्त ते उघडे पाडते. झिरपलेली साखर पिथियमसारख्या बुरशांना बोलावणे धाडते. म्हणूनच अशा बियाण्याचा जोम तपासायला ते २० अंशांच्या शुद्ध पाण्यात २४ तास ठेवून त्या पाण्याची विद्युत वाहकता मोजतात. जितकी जास्त, तितके बी गळके.

क्षारांचा मार दुहेरी असतो. एक, विरघळलेले क्षार पाणी धरून ठेवतात, म्हणजे ओल असूनही बियाण्याला कोरडे वाटते. दोन, सोडियम आणि क्लोराइड आत शिरून विषासारखे वागतात. पहिल्या परिणामाचा अंदाज काढणे सोपे आहे: मातीतल्या द्रावणाची विद्युत वाहकता डेसिसायमन प्रति मीटरमध्ये घ्या आणि ०.०३६ ने गुणा, उत्तर साधारण मेगापास्कलमध्ये येते. मृदा अहवालात येणारा आकडा बहुधा संपृक्त मातीच्या अर्काचा असतो. वाफशावर पाणी त्याच्या निम्मे उरते, म्हणून द्रावण दुप्पट तीव्र. अहवालात ४ असेल तर वाफशावर ८, म्हणजे उणे ०.२९. माती आणखी निम्मी सुकली की १६, म्हणजे उणे ०.५८, आणि यात मातीची स्वतःची ओढ अजून मिळवायची आहे. सोयाबीनचा उंबरठा उणे ०.६६ होता. म्हणजे ज्या जमिनीला आपण ‘थोडी खारवट’ म्हणतो ती सुकत चालली की उगवणीला पुरती बंद होते. ताण एकमेकांत मिसळतात असे नुसते म्हणण्यापेक्षा हे गणित एकदा आपल्या अहवालावर करून पाहावे.

पिकांच्या क्षारसहनशीलतेचे तक्ते वाचताना काळजी घ्यावी. १९७७ मध्ये मास आणि हॉफमन या संशोधकांनी दिलेल्या यादीत, मातीच्या अर्काच्या त्याच वाहकतेत मोजलेले, सातू ८, कपाशी ७.७, गहू ६, भात ३, मका १.७ असे उंबरठे आहेत, पण ते उत्पादनाचे आहेत, उगवणीचे नव्हेत. शुगरबीट मोठे झाल्यावर ७ पर्यंत सोसते, उगवताना ३ च्या वर त्याला अडचण होते. भाताचे उलट: दाणा क्षारात बऱ्यापैकी अंकुरतो आणि दोन-तीन पानांचे रोप मान टाकते. शिवाय क्षार वर चढतात. पाणी वाफ होऊन जाते तिथे, म्हणजे वरंब्याच्या माथ्यावर, पांढरा थर साचतो, आणि नेमके तिथेच बी टोकलेले असते. दोन्ही सऱ्यांतून पाणी दिले जात असेल तर माथा सोडून वरंब्याच्या कुशीत पेरणे हा खर्च नसलेला आणि तरी दुर्लक्षित उपाय आहे.

उरली कडक जमीन. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोरदार पाऊस आणि मग ऊन, की पृष्ठभागावर पपडी धरते. ती कोंबाला अडवते. खालचा दाबलेला थर मुळाला अडवतो. पपडीत कोण अडकते हे रोप वर येण्याच्या पद्धतीवर ठरते. सोयाबीन, मूग, घेवडा, कपाशी यांची दांडी आकड्यासारखी वाकून बीजदले वर ओढते, म्हणजे दोन जाड फोडी घेऊन पपडीतून निघायचे. दांडी जाड होते, आणि शेवटी मान मोडते. हरभरा, तूर, वाटाणा यांची बीजदले खालीच राहतात, फक्त कोंब वर येतो. तृणधान्यांचा टोकदार कोंब एका आवरणातून वर येतो आणि त्या आवरणाची लांबी ठरलेली असते. ते संपले आणि वर अजून माती असेल तर पान मातीतच उघडते आणि चुरगळते. ‘नोरिन-१०’ या जपानी गव्हाच्या वाणापासून आलेल्या बुटकेपणाच्या जनुकांनी गव्हाचे ताट आखूड केले, तसेच हे आवरणही आखूड केले. उबदार मातीत ते आणखी आखूड होते. ओलीच्या शोधात गहू खोल पेरायचा असेल तर वाणाच्या या लांबीची चौकशी आधी करावी.

दाबलेल्या थराबद्दल पूर्वी समज असा होता की मुळाचा जोर कमी पडतो, बाकी काही नाही. जोराला मर्यादा आहेच. टोकदार सळई खुपसून मोजलेला विरोध दोन मेगापास्कलच्या पुढे गेला की बहुतेक पिकांच्या मुळांची वाढ फार मंदावते. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात भात आणि प्रयोगशाळेत नेहमी वापरली जाणारी ॲराबिडोप्सिस या वनस्पतींत दिसले की दाबलेल्या मातीत पोकळ्या बुजल्याने मुळातून निघणारा इथिलीन वायू बाहेर पसरू शकत नाही, मुळाभोवतीच साचतो आणि मूळ स्वतःहून लांबी थांबवून जाड होते. इथिलीनची जाणीवच नसलेली उत्परिवर्तित रोपे त्याच दाबलेल्या मातीत अधिक खोल गेली. म्हणजे मूळ अडते त्यात काही भाग अडथळ्याचा आणि काही भाग रोपाने घेतलेल्या माघारीचा असतो.

गारा, वाऱ्याने उडणाऱ्या वाळूचा मारा, अतिनील किरणे हेही भौतिक ताणच, पण ते रोप वर आल्यानंतरचे आहेत आणि नुकसान डोळ्यांना दिसते, म्हणून त्यांवर इथे थांबत नाही.

आता तुमच्या शेतात काय झाले ते. अंदाज बांधत बसण्यापेक्षा खुरपे घ्या. अपेक्षित उगवणीच्या दिवसानंतर दोन-चार दिवसांतच, रोप न आलेल्या जागी ओळीतली माती पातळ थरांनी बाजूला करत बी शोधा. उशीर केला तर सगळे कुजून एकसारखे दिसते.

बी सापडलेच नाही तर ते पेरलेच गेले नाही किंवा कोणीतरी नेले. बी कोरडे, कडक आणि पेरले तसेच असेल तर ओल पोहोचली नाही किंवा टरफल पाणी घेत नाही. असे बी अजून कामाचे आहे. फुगलेले, पण दाबल्यावर घट्ट आणि आतून स्वच्छ असेल तर ते उंबरठ्याशी थांबले आहे: ओल कमी, थंडी किंवा क्षार. फुगलेले, मऊ, चिकट आणि आंबूस वासाचे असेल तर हवा तुटली होती किंवा बी मुळातच कमकुवत होते. मूळ आलेले पण टोक तपकिरी आणि सुरकुतलेले दिसले तर दार ओलांडल्यावर कोरडे पडले. टोक बोथट आणि वर बाजूची मुळे असतील तर पहिल्या तासांतली थंडी. मक्याचा कोंब मातीत स्क्रूसारखा पिळलेला सापडला तर थंड-गरम होणारी किंवा कडक माती. दांडी जाड, आकडा तसाच आणि मान मोडलेली असेल तर पपडी, आणि त्याच वेळी वरचा मातीचा पापुद्रा हाताने उचलला जाईल. एका जागेवरून निष्कर्ष काढू नका. उंचवटा, सखल भाग आणि कडेची ओळ अशा तिन्ही ठिकाणी उकरा. फक्त सखल भागात एक चित्र आणि इतरत्र दुसरे असेल तर शेतात एकाच आठवड्यात दोन वेगळे ताण होते, आणि तसे बऱ्याचदा असते.

दुबार पेरणीचा निर्णयही याच उकरण्यावर घ्यावा. घट्ट, स्वच्छ, फुगलेली बियाणी जास्त असतील तर हलके पाणी किंवा थोडी वाट. पपडी असेल तर पाण्याचा हलका शिडकावा किंवा दात्यांचे हलके अवजार, तेही आकडे मोडायच्या आत. मऊ बियाणी जास्त असतील तर वाट पाहण्यात दिवस जातात.

बियाणे भिजवून, परत सुकवून पेरण्याविषयी हमखास विचारले जाते. ते दाराच्या अलीकडचे काम आधी उरकून घेण्यासारखे आहे, त्यामुळे उगवण लवकर आणि एकसारखी होते, आणि पपडी धरण्याआधी रोप निघून जाते हा मोठा फायदा. मका, ज्वारी, गहू, भात, हरभरा यांत ते रात्रभराच्या भिजवणीने साधते. अट एकच: बाहेर काढल्यावर वरून पाणी न देताही बी मोड काढेल इतके भिजवू नये. असे बियाणे साठवून ठेवायचे नसते, त्याचे आयुष्य घटते. सोयाबीन आणि भुईमूग मात्र बुडवून भिजवू नका, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यांचे टरफल त्या हाताळणीला बनलेले नाही.

हाच विषय प्रयोगासाठी घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी दोन गोष्टी. पहिली: मूळ दोन मिलिमीटर बाहेर आले की ‘अंकुरले’ ही शरीरक्रियाशास्त्राची व्याख्या झाली, बीज परीक्षणात सगळे आवश्यक भाग नीट असलेले सामान्य रोपच मोजतात. क्षार किंवा थंडीच्या प्रयोगात या दोन मोजण्यांमध्ये मोठी तफावत येते, आणि अनेकदा खरा निष्कर्ष त्या तफावतीतच असतो. दुसरी: मिठाच्या द्रावणाशेजारी तितक्याच ओढीचे पॉलिइथिलीन ग्लायकॉल ६००० चे द्रावण ठेवा. त्याचे रेणू मोठे असल्याने ते बियाण्यात शिरत नाही, फक्त पाणी अडवते. मिठातली घट त्याहून जास्त असेल तर उरलेला भाग विषारीपणाचा. शेवटी न उगवलेले दाणे धुऊन साध्या पाण्यात टाका. उगवले तर ते फक्त तहानलेले होते.

आणि पुढच्या पेरणीआधी प्रत्येकाने करावी अशी चाचणी: दोन ट्रे घ्या. एकात शेताचीच वरची माती, दुसऱ्यात धुतलेली वाळू. दोन्हींत शंभर-शंभर दाणे, शेतात पेरणार त्याच खोलीवर. मातीच्या ट्रेला पहिल्या पावसासारखे एकदाच वरून पाणी द्या आणि उघड्यावर ठेवा. वाळू ओलसर आणि सावलीत राहू द्या. वाळूतली उगवण पिशवीवरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी आली तर बियाण्याशी भांडण, वाळूत चांगली आणि मातीत कमी आली तर जमिनीशी.